चिखलाचं सोवळं

लग्नानंतरची पहिली काही वर्षं माझी बायको रविवारी सकाळी माझ्या डोक्याला तेल लावत असे. मी तिच्याकडे पाठ करून पाटावर बसायचो, ती मागे खुर्चीत. शेजारी वाटीत कोमट केलेलं खोबरेल. ती हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. कंपनीची बस सकाळी बिबवेवाडीच्या चौकातून तिला उचलायची आणि दिवेलागण उलटून गेल्यावर आणून सोडायची. आल्यावर तिच्यात बोलायचं त्राण नसे. रविवारी मात्र बोटं चालू झाली की तोंडही चालू व्हायचं. मॅनेजर कुणावर खेकसला, कुणाचा व्हिसा आला, बसमध्ये कोण झोपेत तिच्या खांद्यावर कलंडलं. तिला माझा चेहरा दिसत नसे, म्हणूनच ती बहुधा इतकं सांगू शकत असे.

मी एका प्रयोगशाळेत समुद्राच्या तळाचा चिखल तपासायचो. आमच्या इमारतीतले एक काका जिन्यात गाठून विचारायचे, "पुण्यात बसून समुद्र तपासता? मग मुंबईत काय, पर्वती तपासतात?" मी त्यांना मनापासून समजावून सांगायचो. जहाजावरून काढलेला चिखल बर्फाच्या पेट्यांतून आमच्याकडे येतो. त्यात मेलेल्या शेवाळाचे, जिवांचे, नद्यांनी वाहून आणलेल्या पानांचे सूक्ष्म अंश असतात. त्यांतले स्निग्ध पदार्थ वेगळे करून यंत्रात सोडले की कागदावर उंच टोकं उमटतात. अशा टोकाला इंग्रजीत पीक म्हणतात. कुठलं पीक किती उंच, यावरून काय जमिनीवरून आलं आणि काय समुद्रातच तयार झालं, ते कळतं.

"चिखल, त्यात पीक," काका म्हणाले. "म्हणजे शेतीच की." आणि वर निघून गेले.

या कामात स्वच्छतेला फार महत्त्व. काचेची भांडी भट्टीत तापवायची, चिमट्यानं उचलायची, चुकून बोट लागलं तर पुन्हा भट्टीत. शिवाय दर खेपेला एक ब्लँक करायचा, म्हणजे चिखल न घालता सगळी कृती जशीच्या तशी. त्यातून जे निघेल ते चिखलाचं नसतं, आपण आणलेलं असतं. ब्लँकचा कागद सपाट यायला हवा.

माझ्या ब्लँकमध्ये एक पीक यायला लागलं. मला मार्गदर्शन करणाऱ्या सरांनी कागद पाहिला. "हे खोबरेल आहे," ते म्हणाले, आणि स्वतःच्या टकलावरून हात फिरवला. "माझ्यावर संशय घेऊ नका. टोपी घाला, हातमोजे बदलत जा."

टोपी घातली, मोजे बदलले. पीक बुटकं झालं, पण गेलं नाही. मग मी रविवारचं तेल बंद केलं. ती "बरं" एवढंच म्हणाली. तरी पीक होतंच, कारण ती तिच्या केसांना तेल लावतच होती. मी टॉवेल वेगळा केला. उशी वेगळी केली. शेवटी पुढच्या खोलीतल्या दिवाणावर झोपायला लागलो.

"आपल्या घरात देव नाहीत," ती दारात उभी राहून म्हणाली, "आणि सोवळं आहे. तेही चिखलाचं."

"प्रयोग संपेपर्यंतच गं."

"मी स्वयंपाकघरात आलेली चालेल का, तेवढं चिखलाला विचारून ठेवा."

ती हसली. मीही हसलो.

खरं म्हणजे इतकं करायची गरज नव्हती. टोपी आणखी नीट बांधता आली असती, कपडे प्रयोगशाळेत बदलता आले असते. पण त्या सुमारास तिचा पगार माझ्या पाठ्यवृत्तीच्या कितीतरी पुढे गेला होता आणि रविवारच्या गप्पांत बढत्या आणि परदेश येऊ लागले होते. ते ऐकताना माझी मान आखडायची. माझा चेहरा तिला दिसत नाही हे माझ्याही सोयीचं होतं. ब्लँकनं मला एक सभ्य कारण दिलं आणि मी ते हावरटासारखं घेतलं.

पुढचा ब्लँक सपाट आला. सर खूश झाले. "छान. आता यात माणूस दिसत नाही." घरी येऊन मी तिला कागद दाखवला. तिनं तो दिव्याखाली धरला, "अभिनंदन" म्हणाली आणि भाजीला फोडणी घातली.

नमुने संपायला वाटलं होतं त्यापेक्षा फार वेळ लागला. त्या काळात घरात भांडण असं झालंच नाही. गॅस, दूध, लाइटबिल, सगळ्यावर बोलणं व्हायचं. एकदा तिच्या ऑफिसातल्या एका लग्नाला गेलो. जेवताना शेजारी बसलेला तिचा सहकारी मोकळेपणानं म्हणाला, "वहिनींनी अमेरिकेला नाही म्हटलं, म्हणून माझा नंबर लागला. तुमचं काम अर्धवट राहील म्हणाल्या." मी सगळं माहीत असल्यासारखी मान हलवली आणि जिलेबी मागून घेतली.

शेवटचा नमुना झाल्यावरच्या रविवारी मी स्वतः तेल कोमट केलं आणि पाट मांडून बसलो. ती लॅपटॉप बाजूला ठेवून आली.

"मान खाली करा."

बोटं तीच होती. कानामागे जरा जोर द्यायची सवयही तीच. मी वाट पाहत राहिलो. वाटीतलं तेल अर्ध्यावर आलं.

"ऑफिसात काय चाललंय?" मी विचारलं.

"नेहमीचंच."

"अमेरिकेचं मला कळलं."

बोटं थांबली, मग पुन्हा चालू झाली. "जुनी गोष्ट आहे ती."

"मला सांगायचंस तरी."

"सांगणार होते," ती म्हणाली. "रविवारी."

तिनं उरलेलं तेल टाळूवर जिरवलं आणि वाटी उचलली. "लगेच न्हाऊ नका, जरा मुरू दे." मी पाटावर तसाच बसून राहिलो. आत नळ सुटल्याचा आवाज आला. लॅपटॉपला तेलकट बोटं चालत नाहीत. ती बराच वेळ साबणानं हात धूत होती.