उकिरड्यावरचा चोथा

ती घटना माझ्या मनातून अजून गेलेली नाही. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत मी नोकरीची बरीच वर्षं काढली. चोऱ्या, बांधावरच्या मारामाऱ्या, घाटातले अपघात, सगळं पाहिलं. त्यातलं पुष्कळ आता एकमेकांत मिसळून गेलं आहे. हे प्रकरण मात्र वेगळंच राहिलं. ओळख पटू नये म्हणून नावं देत नाही, आणि एक-दोन तपशील मुद्दाम बदलले आहेत.

मे महिना सरत आला होता. ठाण्यात सकाळची हजेरी चालू असताना ठाणे अंमलदाराने फोन माझ्या हातात दिला. वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या एका धनगरवस्तीवरची बाई बोलत होती. तिचा नवरा आदल्या दिवशी भोरच्या दवाखान्यात वारला होता. ती रडत नव्हती. सासूने घरात दारू करून त्याला पाजली आणि त्यानेच तो गेला, एवढंच तिने ठामपणे सांगितलं. म्हातारीला अटक करा, म्हणाली.

अकस्मात मृत्यूची नोंद आधीच झाली होती. व्हिसेरा राखून ठेवायला डॉक्टरांना कळवलं आणि बीट हवालदार, एक महिला पोलीस आणि दोन पंच घेऊन मी वस्तीवर निघालो. गाडी जाते तिथवर गाडीने आणि पुढे पायी. चार-पाच घरं, प्रत्येकापुढे म्हशींचा गोठा. म्हातारी दारातच बसली होती. उजवं मनगट फडक्याने बांधलेलं. होळीच्या सुमारास म्हशीने ढुशी दिल्यापासून हात चालत नाही, असं शेजाऱ्यांनी सांगितलं.

त्या भागात हे पेय जुनं आहे. करवंदं, जांभळं, आंब्याच्या साली नि कोया, फणसाची सालपटं, जे जे टाकून द्यायचं ते मोठ्या मडक्यात जातं. त्यात मोड आणून भरडलेली नाचणी आणि पाणी. तोंड फडक्याने बांधून मडकं चुलीच्या मागे उबेला ठेवतात. भट्टी नाही, नळी नाही. चव आंबूस, झिंग बेताची. जत्रेला किंवा म्हैस व्याली की करायचे. वस्तीवर त्याला ‘घरचं’ म्हणतात, आणि विकत मिळतं ते ‘बाजारचं’. कायद्याला हा फरक मान्य नाही.

घराची झडती घेतली. मडकं सापडलं, पण ते धुऊन पालथं घातलेलं होतं. पंचनामा लिहिता लिहिता हवालदार घरामागे गेला आणि त्याने मला हाक मारली. उकिरड्यावर नाचणीचा चोथा आणि आंब्याच्या कोया पडल्या होत्या. चोथा वाळून कडक झाला होता, त्याला भेगा गेल्या होत्या, आणि वर शेणाचे दोन-तीन थर चढले होते. म्हणजे मडकं रिकामं होऊन निदान चार-पाच दिवस झाले होते. मग तो माणूस परवा काय प्यायला?

मडकं कोणी रिकामं केलं, असं म्हातारीला विचारलं. ती म्हणाली, “म्या वतलं.”

मी तिच्या मनगटाकडे पाहिलं. भरलेलं ते मडकं धडधाकट माणसालाही दोन्ही हातांनी उचलावं लागलं असतं. अनुभव असा आहे, की खोटं बोलणारा माणूस बहुधा स्वतःला वाचवायला बोलतो. ही बाई खोटं बोलून ओतल्याचा आळ स्वतःवर ओढून घेत होती. असं दिसलं की समजावं, कुणाला तरी पाठीशी घातलं जातंय.

सुनेचा जबाब महिला पोलिसासमोर घेतला. नवऱ्याला शेवटी काय होत होतं, हे विचारल्यावर ती म्हणाली, पोटात मुरडा होता, ओकाऱ्या होत होत्या, आणि सारखं म्हणत होता की डोळ्यापुढं सगळं पांढरं दिसतंय, तुझं तोंड दिसत न्हाई. हे ऐकून मी लिहायचा थांबलो. हे विषारी दारूचं लक्षण. फळं आणि नाचणी आंबवून माणसाचे डोळे जात नाहीत.

त्यानंतर तपास लवकर पुढे सरकला. ज्याच्याबरोबर तो बोकड विकायला भोरच्या बाजारात गेला होता, त्या सोबत्याने सांगितलं की येताना महामार्गाकडच्या एका पत्र्याच्या शेडवर तो थांबला होता. त्याच शेडवर प्यायलेला आणखी एक जण पुण्याच्या रुग्णालयात होता. शेडवर छापा घातला. कॅन, नमुने, माणूस, सगळं हाती लागलं. पुढे रासायनिक अहवालात मिथेनॉल निघालं आणि त्या विक्रेत्याला शिक्षा झाली. ठाण्याच्या दृष्टीने प्रकरण तिथे संपलं.

पण उकिरड्याचा उलगडा मला करायचाच होता. सुनेला पुन्हा बोलावलं आणि सरळ विचारलं, मडकं कोणी ओतलं. तिने सांगितलं, मडकं तिने स्वतःच ओतलं होतं. रोज संध्याकाळी सासू आपल्या हाताने नवऱ्याला पेला भरून देते, हे तिला सहन होत नव्हतं. आईच पाजते तर तो सुटणार कसा, असं तिला वाटे. एक दिवस म्हातारी म्हशींकडे गेलेली बघून तिने मडकं उकिरड्यावर रिकामं केलं. नंतर सासूने चोरून दुसरं मडकं लावलं असणार, अशी तिची खात्री होती.

दुसरं मडकं नव्हतंच.

मी पुन्हा वस्तीवर गेलो. या खेपेस हवालदाराला खालीच ठेवलं. म्हातारीला म्हणालो, मावशी, ओतलं कोणी ते मला कळलंय, तुम्ही का देत होता तेवढं सांगा. ती म्हशीपुढे वैरण टाकत होती, डाव्या हाताने. ते काम संपवून मग बोलली.

मुलगा बाजारचं पिऊन पार वाया गेला होता. बंद केलं की हातपाय लटलट कापायचे, झोप लागायची नाही, पळत सुटायचा. म्हणून तिने घरचं लावलं. रोज एक पेला. आणि रोज त्यात नाचणीची पेज थोडी थोडी वाढवत गेली.

“निम्मी पेजच असायची शेवटाला,” ती म्हणाली. “त्याला उमगलं न्हाई. जेवाया लागला व्हता. म्हशी घिऊन जात व्हता.”

सुनेला का सांगितलं नाही, असं मी विचारलं. नवऱ्याला उभारी यावी म्हणून ती त्याला सांगून बसली असती, म्हातारी म्हणाली, आणि पेज पितोय हे कळल्यावर तो त्याच दिवशी बाजारचं प्यायला खाली उतरला असता. मडकं रिकामं झालं, नवं लावून आंबायला वेळ लागणार, तेवढ्यात बाजाराचा दिवस आला.

तिने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

“सायेब, ही पेजंची गोष्ट तिला सांगू नगा. तिचा माझ्यावर राग हाय, ऱ्हाऊ द्या. रागावर माणूस जगतंय. ह्याच्यावर न्हाई जगायचं.”

मी तिला शब्द दिला. खटल्याला त्या गोष्टीची गरज नव्हती. विष कुठलं आणि विकलं कोणी, एवढं सिद्ध करायचं होतं. जबाबात मी पेजेचा उल्लेख केला नाही. घरच्या दारूबद्दल म्हातारीवर गुन्हा दाखल करण्याजोगा मुद्देमालही उरला नव्हता.

सून लेकीला घेऊन उत्रोलीला भावाकडे गेली ती परत आली नाही. शेडवाला पकडला गेला तरी तिचा राग कमी झाला नाही. सवय आईनेच लावली, असं ती सगळ्यांना सांगायची. म्हातारीने तो आळ कधी खोडून काढला नाही. वस्तीवर ती म्हशींबरोबर एकटीच राहिली.

निवृत्त झाल्यावर एकदा काही कामाने भोरला गेलो होतो. एसटी स्थानकावर एका बाईने वाकून नमस्कार केला. ती सून होती, ओळखायला मला वेळ लागला. लेक कॉलेजात शिकते, पाणी आणायला गेलीय, असं तिने सांगितलं. मग सासूबद्दल म्हणाली, “आत्या वारल्या मागच्या पावसाळ्यात. निरोप आलता. म्या मातीला गेले न्हाई.”

तिने हातातली पिशवी खाली ठेवली. म्हणाली, “पाप झालं का वो, सायेब?”

सत्य शोधून काढायचं कसं, हे खात्याने मला शिकवलं. ते कुणाच्या ओंजळीत घालायचं आणि कुणाच्या नाही, हे कुठल्याही प्रशिक्षणात नव्हतं. ज्या बाईला दिलेला शब्द मी पाळत होतो ती आता नव्हती, आणि समोरच्या बाईला अजून पुष्कळ वर्षं काढायची होती.

“नाही,” मी म्हणालो. “पाप कसलं.”

तिची गाडी लागली. खिडकीशी बसल्यावर तिने लेकीला माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं, आणि मुलीने तिथूनच मला हात जोडले.