मामाचा हक्क

पद्मा नवऱ्याला आजही मामा म्हणते. लाडानं नव्हे. मंजुनाथ तिच्या आईचा, कौसल्याबाईंचा, सख्खा धाकटा भाऊ. आमच्याकडे बहिणीच्या मुलीवर भावाचा पहिला हक्क असतो आणि तो मागताना कुणी लाजत नाही. मी हुबळीजवळ रायापूरला त्यांच्या शेजारी राहते. सगळं डोळ्यांदेखत पाहिलंय, आणि माझा संताप अजून उतरलेला नाही.

मंजुनाथचा गुडघा लहानपणापासून सुजायचा. धडपडला की अंथरूण धरायचा. दाढ काढली तेव्हा दिवसचे दिवस तोंडातून रक्त येत राहिलं. अळणावरजवळच्या त्यांच्या गावात निदान ठरलेलं होतं: पोराचं रक्त उष्ण आहे, ताक पाजा. पुढे पाय आखडला, लग्नाचं वय उलटू लागलं. तेव्हा कौसल्याबाई म्हणाल्या, "बाहेर विचारून बघा, लंगड्याला कोण पोरगी देतंय ते. माझी हाय की." पद्माला नर्सिंगला जायचं होतं. तिला कुणी विचारलंच नाही.

त्यांची सायली रांगायला लागली तशी तिच्या अंगावर काळेनिळे डाग उठू लागले. पुढे शाळेतल्या बाईंनी पद्मालाच दरडावलं, "पोरीला मारतेस का?" एका डॉक्टरांनी बापाच्या गुडघ्याची हकिगत ऐकली आणि हसून सांगितलं की तो आजार मुलींना होत नाही. झालं. पोरीलाही ताक सुरू.

यंदा सायली शहाणी झाली. कौसल्याबाई गावाहून धावत आल्या. पोरीला कोपऱ्यात पाटावर बसवलं, भोवती रांगोळी काढली, गल्लीतल्या बायकांना आरतीला बोलावलं. मीही खोबरं-गूळ घेऊन गेले. पोरीचे ओठ पांढरे पडले होते. रक्त थांबत नव्हतं. "पहिल्यांदा जास्तच जातंय," कौसल्याबाई म्हणाल्या, "विटाळात दवाखाना कसला?" दुसऱ्या दिवशी सायली पाटावरून कोसळली. पद्मानं आईकडे न बघता तिला उचललं आणि आम्ही रिक्षानं हुबळीचा मोठा दवाखाना गाठला.

तिथल्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. तपासण्यांचे निकाल आल्यावर त्यांनी विचारलं, "स्लॅब टाकताना बघितलंय? माणसं रांगेत उभी राहून घमेली हातोहात वर देतात. मधला एक जण नसला तर?"

"माल वर पोचत नाही," पद्मा म्हणाली.

"रक्ताचं तसंच. जखम झाली की आधी बारीक पेशी येऊन भोकाला चिकटतात. पण तेवढं टिकत नाही. मग रक्तातली प्रथिनं एकमेकांना कामाला लावत जातात आणि शेवटी जाळं विणलं जातं, तेव्हा गाठ घट्ट बसते. हिच्या रांगेत आठव्या नंबरचं प्रथिन जवळजवळ नाहीच. ते बाहेरून सुईनं द्यावं लागेल, जन्मभर. हिमोफिलिया म्हणतात याला. मुलाला हा दोष एकट्या आईकडून आला तरी पुरतो. मुलीला इतका जोरात व्हायला बहुतेक वेळा आई आणि बाप, दोघांकडून यावा लागतो. म्हणून मुलींत क्वचित दिसतो." त्यांनी पेन उचललं. "नवरा नात्यातला आहे का?"

"मामा," पद्मा म्हणाली.

बाईंनी पेन खाली ठेवलं.

सुया सुरू झाल्या, पण रक्त लगेच आटोक्यात येईना. त्यातच कौसल्याबाई आल्या. सोबत त्यांचा मुलगा महेश, म्हणजे पद्माचा धाकटा भाऊ, आणि हुबळीतल्याच लॅमिंग्टन रोडवरून आणलेली हिरवी साडी. पोर अजून डोळे उघडून नीट बघत नव्हती, आणि यांना ओटी भरायची होती.

"आत्ता नुसता शब्द," कौसल्याबाई म्हणाल्या. "लगीन अठरा झाल्यावर. मामाचा हक्क हाय महेशचा."

महेशनं उजवा हात छातीशी धरला होता. कोपर सुजलं होतं. पद्माची नजर त्या कोपरावर गेली. माझीही गेली.

"कशानं सुजलंय रे?"

"काय नाय अक्का. दाराला आपटलं नुसतं."

"आई, डॉक्टर काय म्हणाल्या ते तुला सांगितलं ना?"

"बाहेर विचारून बघ की. असल्या पोरीला कोण घेतंय?"

मंजुनाथसाठी वापरला होता तोच हिशेब, तोच आवाज. इतक्या वर्षांत बाई तसूभरही बदलली नव्हती. माझ्या तोंडाशी शिवी आली होती, ती गिळली.

पद्मानं साडी हातात घेतली. मला वाटलं, हरली. तिनं घडी मोडली, काठ दातात धरून फाडायला सुरुवात केली. "हिच्याखाली घालायला कापड पायजे," ती म्हणाली. काठ चिवट होता, फाटेना. तेव्हा खाटेच्या पायथ्याशी मान खाली घालून बसलेला मंजुनाथ उठला. लंगडत आला, दुसरं टोक घट्ट धरलं आणि बहिणीच्या तोंडाकडे बघत ओढलं. साडी उभी फाटत गेली.

कौसल्याबाई महेशला घेऊन निघून गेल्या. लग्न झाल्यापासून मंजुनाथनं बायकोच्या बाजूनं केलेलं ते पहिलं काम. मला त्याचं कौतुक वाटलं नाही. आम्ही सायलीच्या खाली कोरी घडी सरकवली, आणि तीही हळूहळू भिजू लागली.