एकतीस अल्बम आणि बंद पंखा

दुपारी तीनला शांताबाई पंखा बंद करायच्या. मग खिडकी लावायच्या, पदर खोचायच्या आणि चिमटा घेऊन पोस्टाच्या तिकिटांचा अल्बम उघडायच्या. मलकपेठेतल्या त्या तिसऱ्या मजल्यावर मे महिन्यातही यात खंड पडला नाही. वाऱ्याने तिकिटं उडतात म्हणून पंखा बंद, हा नियम त्यांच्या यजमानांचा, प्रभाकररावांचा. ट्रेझरीतल्या नोकरीतून उरलेला सगळा जन्म त्यांनी तिकिटांत घातला होता, आणि चाळीस वर्षं शांताबाईंनी घाम पुसत त्या नियमाला नावं ठेवली होती.

प्रभाकरराव गेले ते मागच्या श्रावणात. जाताना एकच म्हणाले, "विकायचं तर विका, पण सगळं एकाच घरी द्या. तुकडे करू नका."

अवघड होतं ते नेमकं तेच. दिवाळीनंतर एक व्यापारी आला. पोत्यातले कांदे निवडावेत तसे त्याने एकतीस अल्बम चाळले, निजामाच्या काळातल्या तिकिटांच्या एका अल्बमवर हात ठेवला आणि म्हणाला, "अम्मा, ये देदो. बाकी नक्को." शांताबाईंनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या तीनला बसू लागल्या.

विकायच्या बोलण्याने आईंची जखम उघडी पडली, असं सून केतकीला वाटलं. दाराच्या फटीतून ती ओणवी पाठ बघायची आणि पाऊल न वाजवता मागे फिरायची. जामबागेतल्या नणंदेला तिने फोनवर सांगितलंही, "प्रणिताताई, आई रोज दोन तास बाबांजवळ बसतात हो." पलीकडून प्रणिताताई रडल्या. मग हीही रडली.

जूनमध्ये आबिड्सचे तिकीट-व्यापारी गौतमभाई आले. पहिला अल्बम उघडला. फुलपाखरं, जहाजं, झेंडे, आणि मधेच उर्दू अक्षरांची निजामाची दोन तिकिटं. दुसऱ्यात पक्षी, खेळाडू, आणि निजामाची दोन. सातव्या अल्बमला त्यांनी हात थांबवला.

"अम्मा, ये दो-दो निकाल के देदो मेरेकू."

"निकालते नहीं. अल्बम के साथच जाते."

"जमाए कौन ऐसा?"

"घर के लोगां."

चहाचा ट्रे घेऊन आलेली केतकी दारातच थांबली. एक तिकीट उलटं लागलं तर बाबांना जेवण जात नसे. त्यांचा निजाम आणि फुलपाखरू एका पानावर? तिने सासूकडे पाहिलं. सासू छताकडे पाहत होती.

गौतमभाईंनी शांताबाईंच्या मांडीवरचा चिमटा पाहिला आणि हसू दाबलं. "अम्मा, दुकान थी क्या आपकी?"

"नहीं बेटा. गाहक थी."

त्यांनी एकतीसच्या एकतीस नेले. रिक्षात अल्बम रचताना शांताबाईंनी गॅलरीतून वाकून बजावलं, "एकच कपाट में रखो सब."

रिक्षा वळल्यावर केतकी म्हणाली, "आई, बाबांचा सगळा क्रम मोडलात की."

"मोडला. तुकडे नको म्हणाले होते. सरमिसळ नको असं कुठं म्हणाले?"

"आणि मी प्रणिताताईंना काय काय सांगून बसले."

"ते बरं केलंस. फोन तरी करते आता ती."

रिकाम्या कपाटात शांताबाईंनी गाद्या ठेवल्या. तेव्हापासून त्यांचा पंखा पाचवर. जानेवारीतही पाचवर, शाल पांघरून. अजय, त्यांचा मुलगा, विजेच्या बिलाबद्दल पुटपुटला तर त्या म्हणायच्या, "चाळीस वर्षांची थकबाकी आहे, फिरू दे."

चैत्रातल्या एका मंगळवारी केतकी पिशवी घेऊन बाजाराला निघाली तेव्हा त्या कॉटवर पडल्या होत्या, डोळे मिटून. तासाभराने ती परतली तेव्हा पंखा तसाच फिरत होता, आणि शांताबाई हाक मारूनही उठल्या नाहीत. पुढे पाहुणे विचारायचे, शेवटी काही बोलल्या का. केतकी भेंडीच्या पिशवीकडे बघायची. निघताना मागून ऐकू आलं होतं ते इतकंच:

"भेंडी घेताना ढिगातली खालची बघ गं. वर सगळेच चांगली लावतात."