गॅसकाकांची बंद घरं

गॅस कंपनीत मीटर वाचणारे नऊ जण होते, पण दार उघडून घ्यावं ते गॅसकाकांनीच. कोणा शहाण्यानं त्या भागातले मीटर प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात, सिंकखालच्या कपाटात, फिनेलच्या बाटलीमागे बसवून ठेवले होते. घरात शिरल्याशिवाय आकडा मिळायचा नाही, आणि कोणी दार उघडलं नाही की हातातल्या यंत्रावर ‘घर बंद’ असा शेरा मारावा लागायचा. बाकीच्यांचे महिन्याला चाळीस-पन्नास शेरे व्हायचे. गॅसकाकांचे सहा, फार तर सात. साहेब नव्या माणसांना त्यांच्याकडे बोट दाखवून सांगायचे, "यांच्याकडून शिका. यांना भिंतसुद्धा दार उघडून देईल." काका तोंडदेखलं "काहीतरीच काय साहेब" म्हणायचे आणि घरी येऊन बायकोला तेच वाक्य तीनदा ऐकवायचे.

तशी त्यात विद्या होतीच. बेल कधी लांबवर दाबायची नाही. बोटाच्या पेरानं दोनदा टकटक, मग एक पाऊल मागे, आणि आवाजात साखर. बूट बिनलेसचे, म्हणजे एका झटक्यात पायाबाहेर. पण खरी गंमत दुपारी असायची. मोठी माणसं कामावर गेलेली आणि मुलं शाळेतून परतलेली.

"बाळा, मी गॅसकाका. दोन मिनिटांचं काम आहे."

"आई घरी नाही."

"अगं, मीटर तर घरी आहे ना?"

मूल आतल्या आत हसायचं आणि कडी काढायचं. एकवीस वर्षं हा एकच विनोद काकांनी वापरला, आणि तो एकदाही वाया गेला नाही.

त्यांच्या स्वतःच्या घरी दोन मुली. थोरली बारा वर्षांची, धाकटी सात. बायको हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात, दुपारी बारा ते आठ. काका सहाला घरी. म्हणजे अडीच ते सहा पोरी घरात दोघीच. वर्षभर त्यात काही बिघडलं नव्हतं. मग मागच्या गल्लीत भरदुपारी कोणीतरी एक घर फोडलं. घरात कोणी नव्हतं, कोणाला खरचटलंही नाही, पण बायकोच्या डोक्यात प्रश्न शिरला तो शिरलाच: आणि घरात पोरी असत्या तर?

अशा वेळी उपाय घेऊन धावतो तो मेव्हणा. हा मेव्हणा एका मोठ्या दुकानाच्या दाराशी पहारा करायचा, आणि त्या गणवेशामुळे जगातल्या सगळ्या चोरांबद्दल आपल्याला माहिती आहे असं त्याला वाटायचं. त्यानं खिशातून अंगठ्याएवढी काळी बाटली काढून टेबलावर ठेवली.

"पेपर स्प्रे. मिरचीचा अर्क. चोर आला, फुस्स, चोर आडवा. एवढं सोपं आहे, भावजी."

"पोरी आहेत त्या, पहारेकरी नाहीत," काका म्हणाले.

"अहो, मग पहारा कोण करणार?" बायको म्हणाली. "तुम्ही दिवसभर लोकांच्या घरात, मी लोकांच्या चादरीत. आपल्या घरात कोण आहे, सांगा ना."

 खरं सांगायचं तर भीती त्यांनाही वाटत होती. हजारो दारांसमोर उभं राहून दार किती पातळ असतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? शेवटी रविवारी शिकवणी झाली. टोपण असं काढायचं, तोंड असं धरायचं. थोरलीनं बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचायला घेतली.

"बाबा, इथं लिहिलंय, बंद जागेत वापरू नये. घर बंद जागाच असते ना?"

"लिहायचं म्हणून लिहितात ते."

"आणि लिहिलंय, लहान मुलांच्या हाती देऊ नये."

"ते लहान मुलांसाठी आहे," मामा म्हणाला.

"म्हणजे मी मोठी!" धाकटी ओरडली. "झुरळावर चालतं का हे? आणि गणिताच्या बाईंवर?"

सगळे हसले. काकाही हसले, पण थोरली हसली नाही. बाटली दाराशेजारच्या हुकाला रिबिनीनं टांगली गेली आणि काका सोमवारी कामावर गेले ते जरा छाती काढूनच. आपण काहीतरी केलं, एवढं समाधान बापाला पुरतं.

गुरुवारी दुपारी काका एका चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर पोचले. मागे जिन्याची खिडकी सताड उघडी होती आणि वारा पाठीला लागत होता. टकटक, टकटक, एक पाऊल मागे.

"कोण?"

"गॅसकाका, बाळा."

"आई घरी नाही."

"मीटर तर घरी आहे ना?"

आत कोणीतरी खुदकन हसलं. दार साखळीपुरतं उघडलं आणि फटीत लाल हेअरबँड लावलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी दिसली. काकांनी हसून पिशवीतून टॉर्च काढला. कपाटात अंधार असतो म्हणून त्यांच्याकडे हातभर लांब, काळा टॉर्च होता. पिशवीतून तो दांडका बाहेर येताना पाहिला आणि त्या मुलीचं हसू उडालं. तिनं पाठीमागचा हात पुढे केला. त्या हातात तशीच अंगठ्याएवढी बाटली होती.

फुस्स.

काकांच्या उजव्या डोळ्यात निखारा पडल्यासारखं झालं. पण त्यांना लागला तो थेंबभर. बाकीचा सगळा फवारा जिन्यातल्या वाऱ्यानं उचलला आणि फटीतून उलटा घरात नेऊन टाकला. मुलगी किंचाळली. मग खोकला, मग बाटली फरशीवर पडल्याचा आवाज, आणि मग नुसतं "आई, आई".

दाराला साखळी होती. काकांनी खांदा लावला असता तर ती एका दणक्यात निघाली असती. त्यांनी खांदा लावलाही. आणि तिथेच थांबले. आतल्या पोरीला काही दिसत नाही, आणि ज्या माणसाला ती घाबरली तोच दार तोडून आत येतोय! भीतीनं ती कुठे धावेल, कशावर आपटेल? काकांनी खांदा काढला आणि मटकन जिन्याच्या पायरीवर बसले.

"बाळा, ऐक. मला आत यायचं नाही. मी बाहेर पायरीवर बसलोय. दार उघडू नकोस."

"काका, मला दिसत नाही!"

"तुला दिसायची गरजच नाही. मला दिसतंय."

आणि खरंच दिसत होतं. त्या घरात माणसं कोण राहतात हे काकांना धड सांगता आलं नसतं, पण स्वयंपाकघर तोंडपाठ होतं. दर दोन महिन्यांनी ते तिथल्या सिंकखाली डोकं घालत आले होते.

"उजवा हात भिंतीला लाव आणि चालत राहा. फ्रिज लागला?"

"लागला."

"आता दोन पावलं. ओटा लागेल. नळ दोन आहेत, डावीकडचा गार. तो सोड."

पाण्याचा आवाज आला आणि काकांच्या जिवात जीव आला.

"ओंजळीनं पाणी मार. चोळायचं नाही हं, अजिबात नाही. नुसती डोळ्यांची उघडझाप. आता सिंकवरची खिडकी. तिची कडी घट्ट आहे, आधी वर उचल, मग ढकल."

"उघडली!"

"शाब्बास. पाणी मारत राहा. आणि मला सातचा पाढा म्हणून दाखव."

हुंदके देत देत पाढा सुरू झाला. तोवर समोरच्या घरातल्या काकू आरडाओरड्यानं बाहेर आल्या, आणि काकांचा एक डोळा टोमॅटोसारखा पाहून त्याही किंचाळल्या. काकांनी त्यांना मुलीच्या आईला फोन लावायला सांगितलं.

"सात साते एकोणपन्नास, सात आठे चोपन्न..."

"छप्पन्न."

"चोपन्न!"

"छप्पन्न गं, बाळा."

"आमच्या बाईंनी चोपन्न सांगितलंय!"

ती भांडायला लागली तेव्हा काकांना पहिल्यांदा वाटलं, की आता काही होत नाही.  थोड्या वेळानं आतून भिजलेला, लहानसा आवाज आला.

"काका, आता दार उघडू?"

‘उघड’ हा शब्द काकांच्या जिभेवरच असायचा. एकवीस वर्षं तो तिथेच मुक्कामाला होता. तो त्यांनी गिळला.

"नको. आई येईपर्यंत कोणालाच नको. मलाही नको."

आई औषधांच्या दुकानात कामाला होती, ती दहा मिनिटांत धापा टाकत आली. तिनं लेकीचे डोळे उजेडात नेऊन पाहिले, आणखी पाणी मारलं, पुन्हा पाहिले. लाल होते, बाकी काही नाही. मग ती दारातच फतकल मारून बसली आणि हसू की रडू असं तिचं झालं. काकांनाही तिनं पाणी दिलं, टॉवेल दिला, दहा वेळा माफी मागितली. भीतीचा भर ओसरला, की माणसं रागवायला लागतात. तशी ती लेकीकडे वळली.

"पण तू दार उघडलंसच कशाला? कोणालाही उघडायचं नाही, सांगितलं होतं ना?"

"कोणाला कुठे उघडलं?" मुलगी म्हणाली. "गॅसकाका होते. गॅसकाकांना आई घरी नसली तरी चालतं. ते स्वतःच म्हणतात."

काकांनी टॉवेल तोंडावर धरला तो लवकर काढलाच नाही. चोराला अवघड काय होतं? खांद्याला एक पिशवी, हातात एक टॉर्च, आणि तोंडात ‘गॅसकाका’ हा एक शब्द. तो शब्द त्यांनी स्वतः एकवीस वर्षं घासून घासून किल्लीसारखा केला होता, आणि या भागातल्या प्रत्येक पोराच्या कुलपाला तो लागत होता. आणि आपल्या दाराशी त्यांनी बाटली टांगली होती. वा रे बाप!

बाटलीची आठवण झाली आणि काका उठलेच. उरलेली घरं तशीच सोडून ते तडक घराकडे निघाले. उजवा डोळा मिटलेला, डाव्यातून पाणी, घसा चिरलेला. वाटेत त्यांना धाकटी दिसत होती, हातात बाटली आणि समोर झुरळ. फोनवरचे आकडे दिसत नव्हते, म्हणून ते नुसते पळत होते, आणि पन्नाशीचा माणूस पळताना कसा दिसतो याची त्यांना पर्वा नव्हती.

दार बंद होतं. त्यांनी धडाधडा वाजवलं.

 आतून थोरलीचा आवाज आला.

"कोण?"

"मी! उघड!"

"मी कोण?"

"अगं, बाबा!"

"बाबांचा आवाज असा नाही."

"घसा बसलाय! धाकटी कुठाय? ती बाटली कुठाय?"

"आमच्या घरातलं आम्ही बाहेर सांगत नाही. आणि बाबा सहाला येतात. तुम्ही सहाला या."

काकांचं डोकं दाराला टेकलं. त्यांनी किल्ली फिरवली, पण आतून कडी होती. इतक्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी आंधळ्यासारखा अंगठा फिरवून तो कानाला लावला. कानातही थोरली आणि दारापलीकडेही थोरली.

"बाबा, तू कुठे आहेस? दारात कोणीतरी खोकतंय."

"तो मीच आहे गं."

 फोन बाहेरच वाजला होता, हे तिनंही ऐकलं होतं. कडी निघाली. बापाचा डोळा पाहून दोघी एकदमच रडायला लागल्या, आणि काकांनी त्यांना इतकं घट्ट धरलं की धाकटी म्हणाली, "बाबा, नाक दुखतंय माझं."

दाराशेजारचा हुक रिकामा होता, आणि ते इतके दिवस कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. बाटली कपाटाच्या वर, बिस्किटाच्या डब्यात, डब्याला चिकटपट्टी.

"रविवारीच ठेवली," थोरली म्हणाली. "ही मुंगीवर मारणार होती. घरात उडाली असती तर आम्हा दोघींना कोण धुणार होतं? आणि मी दार उघडणारच नाही, तर ती मला लागणार कशाला?"

एवढं साधं. दोन मोठ्या माणसांना आणि एका मामाला मिळून जे सुचलं नाही ते बारा वर्षांच्या पोरीनं चिकटपट्टीनं बंद करून ठेवलं होतं. आठ वाजता बायको आली, तिनं सगळं ऐकलं, नवऱ्याच्या डोळ्यावर ओला रुमाल ठेवला आणि भावाला फोन लावला. "तुझी बाटली घेऊन जा," एवढंच ती म्हणाली. मग कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच ती पोरींच्या शाळेबद्दल, चादरींबद्दल, कशाबद्दलही बोलत बसली, आणि बोलता बोलता तिथेच झोपून गेली.

शुक्रवारी दुपारी काका पुन्हा कामावर. टकटक, टकटक, एक पाऊल मागे.

"आई घरी नाही."

"मग उघडू नकोस, बाळा. कोणी काहीही सांगितलं, मी सांगितलं तरी नाही. आईला सांग, संध्याकाळी येतो." आणि यंत्रावर शेरा: घर बंद.

महिनाअखेरीला साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. समोर कागद होता आणि कपाळाला आठ्या होत्या.

"काका, हे काय? त्रेसष्ट घरं बंद? तुमची?"

"हो साहेब," गॅसकाका म्हणाले. "छान बंद आहेत."