डोळे मिटून केलेली चुगली

आमच्या चर्चच्या भगिनी मंडळात आधी प्रार्थनेचे विषय विचारतात. कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या मुलाची नोकरी. मग सगळ्या डोळे मिटतात आणि एकेक जण मोठ्याने प्रार्थना करते. माझ्या सासूबाईंची पाळी आली की मी मनात म्हणायचे, झालं, आता चहा गार होणार!

त्या दिवशी मंडळ मुलुंडला आमच्याच हॉलमध्ये भरलं होतं. सासूबाईंची जिवाभावाची मैत्रीण आली होती, शेजारी तिची लेक. लेक सासरहून आलेली. आरामासाठी आलेय, असंच तिने सगळ्यांना सांगितलं होतं. आणि सासूबाई प्रार्थनेत म्हणाल्या, "प्रभू, हिच्या नवऱ्याचा हात आवर. पुन्हा हिच्या अंगावर वळ उठू देऊ नकोस."

माझे डोळे खाडकन उघडले. बघते तर सगळ्यांचेच उघडे! पोरगी उठली आणि अनवाणीच जिना उतरून गेली.

मला असा संताप आला म्हणून सांगू! पण त्यांना बोलणार कोण? मंडळाच्या अध्यक्षा त्या. पाळकसाहेबसुद्धा त्यांच्याशी जपून बोलतात.

दुसऱ्या दिवशी मैत्रीण घरी आली. म्हटलं, आता वाट लागली. पण तिने शांतपणे चहा घेतला आणि सासूबाईंचा हात हातात धरला. "तुला दुसरं कुणी बोलणार नाही गं, म्हणून मीच आले. देवाला सगळं माहीतच होतं. तू सांगितलंस ते बायकांना."

सासूबाई उसळल्या, "मी तिच्या भल्यासाठीच..."

"माहितीय मला. तरी ती दार लावून बसलीय. धड जेवत नाही." हात काही तिने सोडला नाही. सासूबाई ढसाढसा रडू लागल्या. मी त्यांना असं रडताना कधी पाहिलं नव्हतं.

डोळे पुसले आणि तशाच निघाल्या. मीही मागोमाग गेले. पोरीने दार अर्धंच उघडलं. "मावशी, आईनंतर फक्त तुला सांगितलं होतं गं."

मला वाटलं, आता सारवासारव करतील. पण नाही. "हो. मी तुझा विश्वास मोडला. चुकले मी, मला क्षमा कर," म्हणाल्या. पोरीने दार लावून घेतलं.

पुढच्या बैठकीत त्याच बायकांपुढे सासूबाई उभ्या राहिल्या. "मागच्या वेळी मी केली ती प्रार्थना नव्हती. डोळे मिटून केलेली चुगली होती. तिच्याबद्दल आता कुणी एक शब्दही बोलायचा नाही." अध्यक्षपदही सोडलं. मी बघतच राहिले. मला घरात साधं सॉरी म्हणायचं तर जीभ रेटत नाही, आणि ही बाई भर सभेत! इतका अभिमान मला त्यांचा कधी वाटला नव्हता.

पोरगी बरेच महिने फिरकली नाही. रस्त्यात दिसली तर मान वळवायची. सासूबाई तिला हाक मारायच्या नाहीत, मैत्रिणीकडे खोदून विचारायच्या नाहीत. घरी मात्र रोज गुडघे टेकायच्या. आवाज अजिबात नाही.

नाताळच्या करंज्या करत होतो तेव्हा बेल वाजली. दारात पोरगी. "मावशी, तुझ्याशी बोलायचंय."

सासूबाई पिठाच्या हातांनीच उठल्या, तिला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. मीही उठले, तर म्हणाल्या, "तू इथेच थांब गं," आणि आतून कडी लावली. बऱ्याच वेळाने दोघी डोळे पुसत बाहेर आल्या. काय बोलणं झालं, ते मला आजही माहीत नाही.