खोलीबाहेर उभ्या डॉक्टर

कॅन्सरच्या ओपीडीत आमचा नंबर यायचा होता. तेवढ्यात डॉक्टरबाई स्वतःच्याच खोलीतून बाहेर आल्या, दार ओढून घेतलं आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आत पेशंट आणि बाहेर डॉक्टर! इतकी माणसं ताटकळलेली असताना हे काय, म्हणून मी चिडलेच.

मग आम्ही आत गेलो. सिस्टर दादाला वजन करायला घेऊन गेल्या, तशी मी घाईघाईने म्हणाले, "डॉक्टर, माझ्या भावाला खरं काय ते सांगू नका. खचेल तो." तो आल्यावर मी बाकावर विसरलेली फाईल आणायला गेले. परतले तर दारातच दादाचा आवाज कानावर आला, "बहिणीला इतक्यात काही कळू देऊ नका. हळवी आहे ती."

घरोघरी असंच चालत असेल. जो तो दुसऱ्याला जपायचं म्हणून एकटाच घाबरत बसतो, आणि सगळ्यांची गुपितं येऊन साठतात या एका बाईपाशी. ट्यूमरवर औषध लिहिता येतं. यावर काय लिहिणार?

"मी पाच मिनिटं बाहेर थांबते," त्या उठत म्हणाल्या. "तुम्ही दोघं बोला."

दार लागलं. बाहेर कुणीतरी चिडलंच असेल. माझा चेहरा बघूनच दादा समजला. माझ्या हातातली फाईल काढून घेत म्हणाला, "आधी तू रडून घे. मग मी रडतो."