आठ तोंडांचा हब आणि टेलची पाळी

आमच्या घरातला लॅपटॉप हा मुळात लॅपटॉप होता, हे आता कुणाला सांगूनही खरं वाटणार नाही. नव्या पेठेतून मी आठ तोंडांचा यूएसबी हब आणला आणि त्या दिवसापासून आमच्या गल्लीत सबस्टेशन आलं.

हब आणण्यामागचं माझं शास्त्र सरळ होतं. लॅपटॉपला तोंडं दोन. त्यातलं एक मी घाईत पेनड्राइव्ह उलटा घुसवून कायमचं बंद केलेलं. उरलं एक. एकात संसार कसा भागणार? त्याला हब लावला की एकाची आठ होतात. दुकानदार म्हणाला, "दादा, लोड जरा बघून टाका. सगळी वीज त्या एकाच भोकातनं येणार हाय." दुकानदार लोक असं बोलतातच, म्हणून मी ते कानाआड केलं. नळाला तोट्या वाढवून टाकीतलं पाणी वाढत नाही, हे खरं तर सोलापूरच्या माणसाला कुणी सांगायची गरज नाही. पण पाण्याबाबत आम्ही जितके शहाणे, तितके विजेबाबत दिलदार.

लॅपटॉप बायकोचा. ती चादरींची डिझाइनं काढते. म्हणजे तोवर इतरांनी काढलेल्या डिझाइनांचे रंग बदलून द्यायची. कमळ निळं करा, मोर हिरवा करा, असली कामं. पण त्या वर्षी तिनं पहिल्यांदा स्वतःचं डिझाइन काढलं होतं. काठाला ज्वारीची कणसं, मध्ये कणसांचीच जाळी. कारखान्याचे शेठ त्या दिवशी हैदराबादला व्यापाऱ्यासमोर बसणार होते. चारच्या आत फाइल आली तर दाखवतो, नाही आली तर आपलं जुनं कमळ हायच, असं त्यांनी सांगितलं होतं. कमळ गेली कित्येक वर्षं चाललं होतं आणि आणखी कित्येक वर्षं चाललं असतं. बायकोला ते कमळ सवतीसारखं वाटायला लागलं होतं.

आणि नेमका त्याच दिवशी आमच्या भागाची लाईट दुरुस्तीसाठी दिवसभर बंद.

महिना मे. सोलापूरचा मे ज्यानं पाहिला नाही त्याला मी काही सांगत नाही, तो मला खोटारडा म्हणेल. एवढंच सांगतो की त्या दुपारी एक कावळा माझ्या स्कूटरच्या सीटवर एका पायावर बसला, लगेच उठून दुसऱ्या पायावर बसला, मग पहिल्या पायावर, आणि शेवटी दोन्ही पाय पोटाशी घेऊन पंखांवरच बसला. शेजारच्या अक्कांनी खिडकीत ठेवलेल्या लॅपटॉपच्या झाकणावर सांडगे वाळत घातले होते. ते खालून लॅपटॉपनं आणि वरून उन्हानं असे दोन्हीकडून एकदमच वाळले.

या अक्का म्हणजे गल्लीतल्या पद्मशाली विणकर घरातल्या बाई. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि रागात दोन्ही. लाईट गेली की त्या निवडायची भाजी, मोबाईल आणि पाण्याच्या जारवर बसवायचा तो छोटा बॅटरीचा पंप, असं सगळं घेऊन आमच्याकडे येत. "काय करलालाव ओ?" असं विचारत विचारत त्या स्वतःच वायर खोचायच्या. त्या दिवशी सकाळी मोहोळहून माझे मामाही आले होते, डोळे तपासायला. मामांकडे फोन होता आणि गळ्यात अडकवायचा पंखा होता. तो पंखा घातला की मामा हार घातलेल्या उमेदवारासारखे दिसत आणि बोलतही तसेच.

तर हबवर परिस्थिती अशी: मामांचा फोन, मामांचा पंखा, अक्कांचा फोन, अक्कांचा पंप, माझा टेबलावरचा पंखा, माझा स्पीकर, चहा गरम ठेवायची माझी तबकडी (हो, मे महिन्यात, चहा थंड झालेला मला चालत नाही), आणि अगदी शेवटच्या तोंडाला बायकोची हार्ड डिस्क. तिची सगळी डिझाइनं त्या डिस्कमध्ये. ती जुन्या पद्धतीची, आत गरगर फिरणारी तबकडी असलेली.

तीनच्या सुमारास बायकोनं सांडगे ताटात काढून शेजारी ठेवले, फाइल उघडायला घेतली आणि डिस्क टिक करून थांबली. पुन्हा टिक. पुन्हा थांबली. स्क्रीनवर पाटी आली की यूएसबीला वीज पुरत नाही.

"अहो, डिस्क दिसेना झाली."

"दिसेल. दम खातीय."

"दम खात नाही, उपाशी आहे ती. सगळे जेवतायत आणि ती टिकटिक करतीय."

मी डिस्कच्या वायरीवर फुंकर मारली. वायर उलटी करून पाहिली. ओला पंचा लॅपटॉपखाली घातला, त्यातनं वाफ निघाली. शेवटी तबकडीवरचा चहा पिऊन तबकडी काढली, पंखा काढला, स्पीकर काढला. डिस्क जराशी फिरली, फाइलचं नाव दाखवलं आणि टिक करून पुन्हा मेली. बॅटरीचा आकडा मात्र विहिरीत घागर उतरावी तसा उतरत होता.

आता उरले मामा आणि अक्का.

हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. आमच्याकडे घरी आलेल्याची वायर काढणं म्हणजे जेवत्या माणसाला ताटावरून उठवणं. त्यातही हे मामा लग्नात माझ्यामागे उभे राहिलेले, आणि बायकोचे मामेसासरे. बायकोचा हात मामांच्या वायरपर्यंत गेला आणि पदर सावरल्यासारखं करून परत आला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी सांडग्यांकडे पाहिलं.

मामांना याचा पत्ता नव्हता. ते फोनवर कुस्ती बघत होते. खाली वायर, वर फोन, आणि मामा त्या वायरीच्या लांबीएवढे वाकून.

अक्का भाजी निवडत म्हणाल्या, "चार वाजेल की ओ. त्या शेठला फोन करून सांग, उद्या देते म्हणून."

"उद्या कमळ जाईल, अक्का," बायको म्हणाली.

मग ती उठली, मामांसमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मामा, एक विचारू? तुमच्याकडं एका डीपीवर सगळ्यांनी एकदम मोटारी चालू केल्या तर काय होतं हो?"

मामांनी कुस्ती थांबवली. डीपी म्हणजे शेतातला ट्रान्सफॉर्मर, आणि हा विषय मामांच्या काळजाचा.

"काय हुतंय म्हंजे? जळतो की. आमच्याकडं एकेकानं मोटारीला ऑटो बसवल्याती. लाईट आली रं आली की सगळ्या एकदम भों करून उठत्याती आणि डीपी धाडकन जातोय. मग बसा म्हैनाभर बोंबलत."

"मग करता काय?"

"करतोय काय? पाळी लावतोय. मीच लावली. माझ्याशिवाय कुणाचं ऐकत न्हाईत तितं." मामा सरळ बसले. पंखा गळ्यात फिरत होता. "आणि पाळीचं पयलं कलम सांगतो, टेलला आदी. कॅनॉल असू दे न्हाईतर लाईट असू दे, शेवटाला जो हाय त्याला पयलं द्यायचं. वरच्याच्या दारात तर पानी असतंयच की."

"लई बरोबर बोललात," बायको म्हणाली आणि हब उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवला. "मग हितं टेलला कोण आहे, तेवढं बघता का?"

मामांनी हब डोळ्यांजवळ नेला. डोळे तपासायला आलेला माणूस. एकेक वायर बोटानं धरून, ती कुठं जाते ते बघत बघत टोकापर्यंत गेले. शेवटच्या तोंडाला टिकटिकणारी डिस्क सापडली. पहिल्या तोंडाला स्वतःचा फोन सापडला. कालव्याच्या हेडला बसून टेलचं पाणी खाणाऱ्यांना त्यांनी आयुष्यभर शिव्या दिल्या होत्या.

"भाच्या," ते मला म्हणाले, "तुला कळंना व्हय रं? सूनबाईचं रान वाळायलंय आणि तू च्या गरम करायलायस."

मी म्हटलं, "मामा, मी माझं सगळं काढलंय."

"मग माझं का न्हाय काढलं?"

मामांनी पंखा काढला, फोन काढला, आणि अक्कांकडे वळले. "बाई, तुमची पाळी मागनं."

"अय्यो, मी कुठं नाही म्हणलाले," अक्का म्हणाल्या आणि फोन, पंप पदरात घेतला.

शेवटी बायकोनं तो हबच उपटला आणि डिस्क सरळ लॅपटॉपला लावली. डिस्क अशी फिरली की सांडगे हलले. कणसं स्क्रीनवर आली. तिनं फाइल लॅपटॉपवर उतरवून घेतली आणि पाठवायला गेली, तर माझ्या फोनला रेंज नाही, तिच्याला नाही, अक्कांच्याला नाही. लाईट गेल्यावर आमच्याकडे फक्त मामांच्या कंपनीचं सिमकार्ड चालतं. आणि मामांच्या फोनची बॅटरी कुस्तीनं खाल्लेली, शेवटच्या श्वासावर.

बायकोनं डिस्क काढली. "मामा, टेलचं झालं. आता तुमची पाळी. पण कुस्ती नाही बघायची. फोनमधलं इंटरनेट लॅपटॉपला लागणार आहे."

"कोण जिंकलं तेवढं तरी—"

"मामा."

मामांनी फोन दिला. लॅपटॉपची बॅटरी लाल झाली होती आणि फाइल जाण्याची रेघ अर्ध्यात येऊन थांबली होती. पाळीवर बसलेल्या माणसासारखे मामा त्या रेघेवर नजर ठेवून बसले. घाम नाकाच्या शेंड्यावरून टपकत होता, पण पंख्याला त्यांनी हात लावला नाही. मी लावायला गेलो तर माझ्या हातावर चापटी मारली. रेघ पुढे सरकली, चारच्या आत पोचली, आणि लॅपटॉप विझला.

शेठचा निरोप मामांच्याच फोनवर आला, कारण चालू तोच म्हणून बायकोनं फाइलसोबत त्याचाच नंबर लिहिला होता: कणसं जरा ठसठशीत करा, बाकी पसंत.

बायकोनं आत जाऊन चहा टाकला, भर उन्हात, आणि कुणी नको म्हणालं नाही. चहा पितापिता लाईट आली आणि मी, अक्का, मामा, तिघांनी लॅपटॉपचा चार्जर लावून एकदम आपापल्या वायरी हबात खुपसल्या. हबातून बारीक धूर निघाला. मामा म्हणाले, "बघ, हे ऑटोवालं."

कणसांची पहिली चादर विणून आली ती बायकोनं मामांना दिली. ते ती पांघरत नाहीत. मोहोळला ओसरीवर घडी घालून ठेवली आहे, आणि आलेल्यागेलेल्याला उलगडून दाखवतात. परवा मी गेलो तेव्हा एका पाहुण्याला सांगत होते की सोलापूरची लाईट सगळी बंद पडलेली, शेठ हैदराबादला अडकलेला, तवा मी पाळी लावली म्हणून ही चादर झाली. मी म्हटलं, मामा, जरा वाढवून सांगताय.

"आणि तुझा त्यो पंखांवर बसल्याला कावळा?" मामा म्हणाले.